उभा अंतरपाट

कडेला

"मॅडम, वर. अजून थोडं वर. तुमची बाजू पडतेय," पिंटो म्हणाला.

मी हात ताणले. हातांत लिलाव कंपनीचे पांढरे हातमोजे होते, पुरुषी मापाचे. त्यामुळे कापडाची टोकं आपण धरली आहेत की नुसते हात वर केले आहेत, हेच कळत नव्हतं. समोर दुसरी टोकं धरून कंपनीचा पिंटो उभा. आमच्या मध्ये ताणलेला एक जुना अंतरपाट. त्याच्या एका बाजूला माझी अंबूमावशी, पंच्याहत्तरीच्या पुढची, बोली लावायची नंबराची पाटी काखेत धरून. दुसऱ्या बाजूला तिच्याच वयाचे एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ, त्यांच्याही हातात पाटी. दोघंही कापडावरची जरीची वेल बघत होती, नाक लागेल इतक्या जवळून. पलीकडेही कोणीतरी बघतंय याचा दोघांनाही पत्ता नव्हता. तो फक्त मला आणि पिंटोला होता. कडेला उभं राहिलं की दोन्ही बाजू दिसतात.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी घसा साफ केला आणि त्या खड्या आवाजात गायला लागल्या.

पिंटो दचकला. "ही लोकं गातात कशाला? लिलावात गातात?"

"लिलावात नाही," मी म्हटलं. "लग्नात गातात."

"कोणाचं लग्न?"

याचं उत्तर द्यायचं तर आधी

अलीकडे

ची बाजू सांगायला हवी. म्हणजे आमची, टिकेकरांची.

अंबूमावशीचं लग्न झालं तेव्हा (किंवा झालं नाही तेव्हा, वाद तोच आहे) मी जन्मलेच नव्हते. पण ते आमच्या घरात इतक्यांदा सांगितलं गेलंय की मला त्या मांडवातला उकाडासुद्धा आठवतो. नवरा बेळगावच्या लिमयांचा. मंगलाष्टकं झाली, अक्षता मुठीत, वाजंत्रीवाल्यांचे गाल फुगलेले. आता शेवटचं 'सावधान' म्हणायचं आणि पाट खाली. आमच्या भटजींनी हाताला झोल दिला. त्यांच्या भटजींनी टोक वर ओढलं. "अजून मुहूर्त व्हायचाय," ते म्हणाले.

"झाला! आमच्या पंचांगात आत्ताचाच आहे."

"तुमच्या पंचांगात असेल."

मग त्यांचा मुहूर्त आला आणि त्यांनी पाट खाली करायला घेतला. तेव्हा आमच्यांनी वर धरला. "आता कसला? वेळ टळली. टळलेल्या वेळेवर आमच्याकडची मुलगी मिळणार नाही." त्यानंतर एक भटजी 'खाली' म्हणाला की दुसरा 'वर' म्हणायचा. हात भरून आले तेव्हा दोन्हीकडच्या मामांनी आळीपाळीनं टोकं धरली. लोक जेवून आले, तरी पाट वरच. काही लोक जेवून, घरी जाऊन, झोप काढून परत आले. पाट वरच. शेवटी नवऱ्याचे वडील म्हणाले, आम्ही आमच्या गावी आमच्या मुहूर्तावर खाली करू. दोन माणसांनी तो तस्साच ताणून धरला आणि वऱ्हाड निघालं. पाट पुढे, खालीवर न होता, जसा पालखीचा दांडा. बसच्या दारातून तो उभा कसा नेला यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

नवरीलाही न्यायचं ठरत होतं. पण तिला सून म्हणून न्यायची की पाहुणी म्हणून, यावर एकमत होईना. म्हणून ती राहिली.

पुढे दोन्ही भटजी वारले. वाद शाबूत राहिला. मावशी सहकारी बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसली आणि तिथूनच निवृत्त झाली. तिला बघायला जे आले ते पोहे खाऊन एकच प्रश्न विचारून गेले: "पण तो पाट खाली आलाय का?" हळदीकुंकवाला गेली की यजमानीण हळद लावायची आणि कुंकवाचा करंडा नुसता पुढे धरायची. तुझं तू बघ, अशा अर्थानं. मावशी करंड्याकडे बघायची, यजमानणीकडे बघायची आणि म्हणायची, "वाण काय लुटताय यंदा?"

असं अर्धं आयुष्य नाही, आख्खं.

मग एका सकाळी तिचा मला फोन.

"हेमू, शनिवारी तुझी गाडी मोकळी आहे का गं?"

"आहे. कुठे जायचंय?"

"माझ्या लग्नाला. उरलेल्या."

मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं एक गुळगुळीत पुस्तक पुढ्यात टाकलं. मुंबईची कुठलीशी 'पदरकाठ' नावाची कंपनी सांगलीत जुन्या वस्त्रांचा लिलाव करणार होती. पैठण्या, शेले, कुणाकुणाच्या पणजोबांचे अंगरखे. मावशीनं मध्येच पान दुमडून ठेवलं होतं.

*लॉट तेवीस. अंतरपाट. पांढरं सुती कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, भोवती जरीची वेल, दोन्ही बाजूंनी सारखीच सफाईदार. विसाव्या शतकाचा मध्य. स्थिती उत्तम. विशेष: कधीही खाली केलेला नाही. कृपया उभाच ठेवावा.*

"स्थिती उत्तम म्हणे," मावशी म्हणाली. "माझी विचारा म्हणावं."

"घेऊन काय करणार?"

"खाली करणार."

"म्हणजे मग तुझं लग्न लागलं असं—"

"ते माझं मी बघेन. आधी तो खाली आला पाहिजे. नाहीतर मी मेल्यावर माझं पिंडदान कुणी करायचं, टिकेकरांनी की लिमयांनी, यावर दोन्हीकडची माणसं पिंडाशेजारी उभी राहून भांडतील. कावळा तरी किती वेळ थांबेल?"

"पण लिमयांनी विकायला काढला कसा?"

"बँकेत बसून एवढं कळलंय. सोडवायला कोणी आलं नाही की वस्तू लिलावात निघते." तिनं चष्मा पुसला. "तू फक्त गाडी चालव. बोली मी लावीन. आणि मध्ये बोलू नकोस, तुझा चेहरा लगेच हो म्हणतो."

हॉल

इथे एक चूक झाली. ती कंपनीची होती. मुंबईच्या माणसांना हवा होता मोठा, स्वस्त, लगेच मिळणारा हॉल. तो पितृपक्ष होता. पितृपक्षात गावातलं प्रत्येक मंगल कार्यालय मोठं, स्वस्त आणि लगेच मिळणारं असतं. त्यांनी एक घेतलं.

कार्यालयाचे व्यवस्थापक नाना शिंत्रे. दर सीझनला लग्नं लावून लावून त्यांचा आवाज कायमचा माइकसारखा झालेला. 'संडास कुठंय' विचारलं तरी 'वधूपक्षानं डावीकडून यावं' अशा सुरात सांगायचे. लिलाव म्हणजे नक्की काय ते त्यांना कंपनीनं समजावलं होतं आणि त्यांनी मानही डोलावली होती. पण माणूस सवयीचा. त्यांनी दारात अत्तरदाणी ठेवली. स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या ठेवल्या, त्यातल्या एकीत लिलाव पुकारणारे कोठारे बसले. खालच्या खुर्च्यांचे दोन भाग केले आणि प्रत्येक येणाऱ्याला विचारलं, "मुलाकडचे की मुलीकडचे?"

"आम्ही पैठण्या बघायला आलोय," एक बाई म्हणाल्या.

"मग मुलीकडे बसा."

मावशीनं विचार न करता डावीकडची खुर्ची घेतली.

कोठारे गोड माणूस. कोटाच्या खिशात जरीचा रुमाल, मराठी शब्द आठवायला दर वाक्यात एकदा वर बघायचे. त्यांनी पैठण्या विकल्या, शेले विकले. मावशी स्वस्थ. मी चुळबुळ करायला लागले तर तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "पंगतीत पहिला घास घेणारा आणि लिलावात पहिला बोलणारा, दोघं हावरट दिसतात."

लॉट तेवीस आला तो लाकडी चौकटीत ताणलेला, चाकांच्या गाड्यावर, उभा. पिंटोनं तो इतक्या जपून ढकलत आणला की हॉल आपोआप गप्प झाला.

"हे फार रेअर आहे," कोठारे म्हणाले. "दोन्ही साइड्स सेम. असं बघायला मिळत नाही. ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांनी... वर या. पिंटो, फ्रेममधून काढ. जस्ट होल्ड इट अप."

"सर, एकटा कसा? दुसरा माणूस वडा खायला गेला."

कोठाऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं. मावशी आधीच डाव्या जिन्यावर चढली होती आणि मी तिच्या कोपराला धरून मागे. "तुम्ही, मॅडम? प्लीज?" माझ्या हातात हातमोजे आले. उजव्या जिन्यानं ते उंच गृहस्थ चढले. कोणाचंही त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी हात वर केले.

आणि नाना शिंत्र्यांनी ते बघितलं. स्टेज. वर धरलेला अंतरपाट. डावीकडे एक बाई, उजवीकडे एक पुरुष, दोघांच्याही माना खाली. नानांचा हात आपोआप माइकवर गेला.

"मंडळी, सर्वांनी अक्षता घ्याव्यात. लहान मुलांना आवरावं."

हेसुद्धा एक वेळ चाललं असतं. पण पहिल्या रांगेत जोगळेकरकाकू होत्या. काकूंच्या पर्समध्ये स्वरचित मंगलाष्टकं कायम असायची, नावांच्या जागा मोकळ्या ठेवलेली. पितृपक्ष सुरू झाल्यापासून एकही लग्न नाही. बाईंचा गळा नुसता भरून आला होता.

वर

पहिलं कडवं गणपतीचं झालं. हॉलमधल्या निम्म्या लोकांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण 'सावधान' आलं तेव्हा सगळ्यांनी एका दमात म्हटलं. हे आमच्या माणसांना थांबवता येत नाही.

कोठाऱ्यांना वाटलं ही बोलीची स्थानिक पद्धत असावी. 'सावधान' झाल्याबरोबर त्यांनी सुरुवातीचा आकडा पुकारला. (आकडा सांगत नाही. मावशीनं घरात तो कोणालाही कळू दिला नाही आणि मीही शपथेनं बांधलेली आहे.) खालून एका हॉटेलवाल्या गृहस्थांनी पाटी वर केली. त्यांना तो पाट हॉटेलात लॉबी आणि बार यांच्या मध्ये लावायचा होता. मावशीनं पाटी वर केली. पलीकडून त्या उंच गृहस्थांनी केली.

दुसरं कडवं. 'सावधान'. आकडा वाढला. मावशी. पलीकडचे. हॉटेलवाले.

नाना एव्हाना ताट घेऊन फिरत होते. गेल्या सीझनच्या उरलेल्या लाल-पिवळ्या अक्षता प्रत्येकाच्या हातात. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मूठभर हॉटेलवाल्यांच्या केसांत आणि मूठभर चहात पडल्या, तेव्हा ते पाटी खुर्चीवर ठेवून बाहेर गेले.

"मॅडम," पिंटो कुजबुजला, "हात दुखतात. कधी खाली करायचा?"

"मलाही तेच विचारायचंय."

"तुमच्यात कोण सांगतो?"

"भांडण त्याच्यावरूनच आहे."

चौथ्या कडव्याला काकू अडल्या. तिथे नावाची जागा मोकळी होती. त्या स्टेजजवळ आल्या, टाचा उंचावून मला म्हणाल्या, "वधूचं नाव काय गं?"

कार्यालयात वधूचं नाव विचारलं की उत्तर द्यायचं असतं. मी विचारच केला नाही. "अंबुजा. टिकेकर."

काकूंनी पेन्सिलीनं लिहिलं आणि त्या पलीकडच्या बाजूला गेल्या. "आणि वराचं हो?"

त्या गृहस्थांनी कानाशी हात नेला. "काय म्हणता?"

"नाव! तुमचं नाव!"

"दिगंबर," ते म्हणाले. "दिगंबर लिमये. बेळगाव."

मी कडेला होते. मावशीचा चेहरा मला सरळ दिसत होता. ती स्वस्तिकाकडे बघत होती ती तशीच बघत राहिली. फक्त तिची पाटी निसटून माझ्या पायावर पडली.

काकूंनी गायला तोंड उघडलं. मावशीनं एक बोट वर केलं, बँकेत रांगेला थांबवायची तसं. काकूंचं तोंड उघडंच राहिलं.

"लिमये," मावशी कापडाला म्हणाली, "तुम्ही आहात का पलीकडे?"

कापडातून आवाज आला. "आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

पलीकडे

हे मला त्यांनी नंतर सांगितलं, त्यांच्याच शब्दांत ठेवते.

"आमच्या वडिलांनी तो पाट माजघरात लावला. चार खुंट्या, मधोमध. आमच्या भटजींना बेळगावात मुहूर्त सापडला, पण समोर वधू नव्हती. वधू आणायची तर तुमच्या लोकांचा मुहूर्त पाहिजे. तेवढ्यात वडील गेले. आईनं सांगितलं, हात लावू नकोस, हे मोठ्यांचं काम आहे. माझी खाट पाटाच्या अलीकडे असायची. पलीकडच्या भागात मी कधी झोपलो नाही. तिथं कोणाची तरी जागा आहे असं वाटायचं. मुली सांगून यायच्या. त्यांचे वडील पाट बघायचे, चहा घ्यायचे, जायचे. मी नकाशे काढायला होतो सर्व्हे खात्यात. पुढं घर पाडायला निघालं, बिल्डर आला. पुतण्याला म्हटलं, आता तरी खाली करून पाठव बाबा. तो म्हणाला, काका, उभा असेल तर भाव जास्त येतो. मग मी ठरवलं, आपणच बोली लावायची. विकत घ्यायचा आणि खाली करायचा."

"पण इतकी वर्षं घरातच होता," मी विचारलं होतं. "एखाद्या रात्री तुम्हीच काढून ठेवायचात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोलतेय. "समोर कोणी नसताना? कोणासमोर खाली करायचा?"

वर, अजूनही

मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हातारं माणूस ताडकन उठलं. "अहो, हे टिकेकरांचं लग्न! मी होतो त्याला! मी जेवलो होतो!"

मग हॉल फुटला.

"पण हा पितृपक्ष आहे!"

"मंगलाष्टकं तेव्हाच झालीत. आत्ता फक्त पाट सोडायचाय. पाट सोडायला पितृपक्ष आड येत नाही."

"कोणी सांगितलं? पंचांग आणा!"

नानांच्या टेबलाच्या खणात पंचांग होतं. दुर्दैवानं दोन होती, दोन वेगवेगळी. दोन्ही उघडली गेली आणि दोन्हीभोवती माणसं जमली. तो उठलेला म्हातारा एकदा इकडे जायचा, एकदा तिकडे. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याच्याकडून काहीतरी ऐकून घेत होतं.

"सोडा!" मुलीकडचे ओरडले. (हे लोक पैठणी घ्यायला आले होते.)

"सोडू नका! अजून चौघडिया बदलायचा आहे!" मुलाकडचे.

पिंटोनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घाम चालला होता. "तुमची बाजू सोडा म्हणते, माझी सोडू नका म्हणते."

"धर," मी म्हटलं. "मी आमच्या लोकांचं ऐकत नाही, तूही तुझ्यांचं ऐकू नकोस."

"माझे लोक वसईला आहेत, मॅडम!"

कोठारे लाल खुर्चीतून उठले. त्यांच्या हातात लाकडी हातोडी. लिलाव कुठल्याही कारणानं अर्धवट सोडायचा नाही एवढं एकच त्यांना त्या क्षणी ठाऊक असावं. "बोली आजोबांची आहे," ते म्हणाले. "आजी?"

मावशीनं पाटी उचलली नाही, नुसता हात वर केला.

"आजोबा?"

दिगंबरराव कापडाकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. "माझं राहू दे."

"का?" मावशी कापडातून म्हणाली. "दमलात?"

"तुम्ही घेतला काय, मी घेतला काय."

"फरक आहे. पैसे कोणाचे जातात याला महत्त्व असतं. बोला आणखी एकदा. मला फुकट नकोय."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. मी कडेला होते म्हणून सांगते, ते हसत होते. त्यांनी पाटी वर केली. मावशीनं लगेच हात वर केला. त्यांनी पाटी खाली केली.

"एक," कोठारे म्हणाले. "दोन."

दोन्ही पंचांगांवरची डोकी वर झाली. वाजंत्री नव्हती म्हणून नानांनी माइकवर बोटांनी ताल धरला. माझे खांदे जळत होते. मला एकच कळत होतं की हातोडी पडली की लोक अक्षता टाकणार, आणि अक्षता पडल्या की माझे हात खाली येणार. मग मावशी लिमयांची सून होणार, तीही लिलावात. आणि तिला ते हवंय की नकोय हे मी तिला विचारलेलंच नव्हतं.

"तीन!"

हातोडी पडली. अक्षतांचा पाऊस झाला. काकूंनी सगळी मोकळी कडवी एकदम गायला घेतली. आम्ही दोघांनी पाट धरून ठेवला होता.

"हा आता माझा का?" मावशीनं कोठाऱ्यांना विचारलं.

"तुमचा, आजी. काँग्रॅच्युलेशन्स."

"मग आता मी सांगेन तेव्हा."

तिनं पदर खोचला. "जरा सरक गं, हेमू," म्हणाली. मी अर्धं पाऊल पुढे झाले. माझ्या आणि स्टेजच्या कठड्याच्या मधून ती आडवी होऊन सरकली, वळली, आणि पलीकडे गेली.

एवढंच. ती बाजूनं गेली.

इतके भटजी, इतके मामा, इतकी पंचांगं. कापडाला कडा असते आणि कडेनं माणूस जाऊ शकतं, हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मावशीच्यासुद्धा नाही, त्या दिवसापर्यंत. ते तिनंच मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

ती दिगंबररावांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि मान वर करून तिनं त्यांना नीट बघितलं. नाक, कान, शर्टाची कॉलर. घाई न करता, तारण ठेवायला आलेला दागिना बघावा तसं.

"उंच आहात."

"आधी जास्त होतो," ते म्हणाले.

"मी तेव्हा तुमचे फक्त पाय बघितले होते. पाटाखालून दिसत होते तेवढे."

"मी तेही नाही. मला सांगितलं होतं, समोर बघ."

"मग काय दिसलं?"

"स्वस्तिक."

ती वळली. आता दोघं खांद्याला खांदा लावून कापडाकडे तोंड करून उभी. "हं," मावशी म्हणाली. "सोडा."

मी पिंटोकडे बघितलं. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि आम्ही दोघांनी हात खाली आणले.

खाली

पलीकडे, म्हणजे मघापर्यंतच्या आमच्या अलीकडे, कोणीच नव्हतं. रिकामं स्टेज, त्यावर लाल खुर्ची, खुर्चीखाली कोठाऱ्यांचा थर्मास.

"नाना," मावशीनं विचारलं, "तुम्ही जाणते आहात. पाट खाली आला?"

"आला की."

"समोर कोण आहे?"

नानांनी वाकून बघितलं. "कोणी नाही बाई."

"मग लग्न लागलं का?"

नाना शिंत्रे माइकपासून लांब झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माइकशिवाय उत्तर द्यायचं होतं. त्यांनी एका पंचांगवाल्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. दोघांनीही पानं उलटली आणि दोघांनाही काही मिळालं नाही. "समोर माणूसच नाही," नाना हळूच म्हणाले, "तर लागणार कुणाशी? नाही लागलं."

"पण अक्षता पडल्या की हो!" जोगळेकरकाकू कळवळल्या.

"झाडून घ्या," मावशी म्हणाली.

दिगंबरराव हातातली पाटी उलटसुलट करत होते. "म्हणजे आपण..."

"आपण एकमेकांचे कोणी नाही. नव्हतोच. आता ते रीतसर झालं."

"हां." त्यांनी मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा, जरा मोकळेपणानं. "रीतसर झालेलं बरं असतं."

खाली लोक उठायला लागले होते. कोणीतरी चौकशी करत होतं, जेवण आहे का. कोठारे लॉट चोवीस काय आहे ते शोधत होते. मी हातमोजे काढले, बोटं पांढरी पडली होती. दिगंबरराव अजून तिथेच उभे. मग त्यांनी शर्टाची बटणं चाचपली, ती सगळी लागलेली होती, आणि ते मावशीकडे वळले.

"मी दिगंबर लिमये. नकाशे काढायचो."

मावशीनं त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "अंबुजा टिकेकर. सोन्याचं वजन करायचे."

"बरं वाटलं भेटून."

"हो," ती म्हणाली. "मलाही."

पिंटो पुढे आला. "मॅडम, पॅक करून देतो. आमच्याकडे खास कागद असतो. सुरकुती नाही पडणार."

"राहू दे बाळ. पडू देत." तिनं जमिनीवरून अंतरपाटाची दोन टोकं उचलली. "लिमये, त्या बाजूची धरा."

त्यांनी धरली. दोघांनी तो ताणला, आडवा, पोटाच्या उंचीवर. तिनं टोकाला टोक जुळवलं, त्यांनीही जुळवलं. तिनं कापड एकदा झटकलं तशा दोन-चार अक्षता उडाल्या. मग ते चालत तिच्याकडे आले आणि त्यांनी आपली टोकं तिच्या हातात दिली. खाली लोंबणारी दुमड उचलून ते पुन्हा मागे गेले. पुन्हा ताणला. पुन्हा आले. दर खेपेला अंतर निम्मं होत होतं. नकाशे काढणाऱ्याचा हात, एक कडा दुसरीपेक्षा सूतभरही पुढे नव्हती. शेवटी कापड हातभर उरलं तेव्हा त्यांना मागे जायला जागाच नव्हती. ते तिथेच थांबले, टोकं धरून.

मावशीनं ती जाडजूड घडी हातात तोलली.

"अजून एकदा दुमडेल?" तिनं विचारलं.

"दुमडेल," ते म्हणाले. "तुम्ही तिकडून दाबून धरा."